एकशे बेचाळीस हापसे

नवव्या दिवशी सकाळची पाळी संपवताना ताईने पंप हापसला, तेव्हा आकडा आला बासष्ट. आदल्या दिवशी याच वेळेला तो अडतीस होता. तिने वहीत बासष्ट लिहिलं, पेन्सिल कानामागे खोचली आणि पंपाचा दांडा पुन्हा एकदा हलवून पाहिला. आतून नुसती कोरडी घरघर आली. म्हणजे मोजण्यात चूक नव्हती. पाणीच जास्त होतं.

मोजण्यात तिची चूक व्हायची शक्यताही कमीच. एका मोठ्या इस्पितळात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिने एकतीस वर्षं काढली होती. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजताना शेजारी कोणी लग्नाच्या गोष्टी करो नाहीतर भांडण करो, तिचा आकडा कधी हलला नाही. म्हणूनच बोटीवर आल्यावर पंपाचं काम तिने आपणहून मागून घेतलं होतं. बोट म्हटली की थोडंफार पाणी आत येतंच, आणि ते सगळं तळातल्या खोलगट खळग्यात जमतं. दर चार तासांनी पाळी बदलताना ते हातपंपाने उपसायचं आणि किती हापसे लागले ते वहीत टिपायचं, एवढा साधा नियम होता. विजेचा पंपही होता, पण बॅटरी पुरवून वापरायची म्हणून तो अडीअडचणीसाठी राखलेला.

बोट तिच्या धाकट्या भावाची. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. लहानपणी दिसेल त्या वस्तूवर हातोडी आपटायचा म्हणून घरात त्याला ठोक्या म्हणत, आणि पन्नाशी उलटली तरी ते नाव त्याच्या मागचं सुटलं नव्हतं. एकतीस फुटांची ही जुनी शिडाची बोट त्याने एका पत्र्याच्या शेडमध्ये सात वर्षं ठोकून, घासून, रंगवून उभी केली होती. एकदा तरी महासागर पार करायचा, हे त्याचं वेड. सोबतीला त्याचा मित्र येणार होता, पण निघायच्या तीन आठवडे आधी तो शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडून घेऊन बसला. वाऱ्याचा मोसम काही कोणासाठी थांबत नाही. ताई नुकतीच निवृत्त झालेली, चार उन्हाळे भावाबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने फिरलेली. शीड चढवता-उतरवता येत होतं, पोटातलं पाणीही हलत नव्हतं. त्याने "येतेस?" म्हणून विचारलं आणि ती विचार करायच्या आधीच हो म्हणून बसली.

भावजयीला पाण्याचं नाव काढलं तरी मळमळायचं. धक्क्यावर निरोप देताना तिने ताईचे दोन्ही हात धरले होते. "ताई, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त. हा दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही, तुमचं ऐकतो."

पहिले आठ दिवस खरोखर छान गेले. वारा मागून, आभाळ स्वच्छ, सुकाणू धरायलाही माणूस लागत नसे. बोटीच्या पाठीमागे बसवलेलं वाऱ्याचं पातं ते काम करी. चार तास पाळी, चार तास झोप, हे चक्र अंगवळणी पडलं. झुलत्या शेगडीवर भात लावायचा तर एक हात भांड्यावर आणि कंबर पट्ट्याने कट्ट्याला बांधलेली. अंडी टिकावीत म्हणून रोज एकदा सगळी उलटी करायची. जाळीत टांगलेले बटाटे-कांदे हुंगून सडका निघाला तर समुद्रात भिरकवायचा. सकाळी डेकवर मरून पडलेले उडते मासे गोळा करायचे. दुपारी बारा वाजता उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या चिमुकल्या यंत्रावर भावजयीला कळवायचं: कुठे आहोत, किती मैल झाले, सगळं ठीक. चोवीस दिवसांचा प्रवास, रोजचे शंभर मैल. ठोक्याने नकाशावर चोवीस टिंबं आधीच काढून ठेवली होती आणि रोज एकेक खोडत होता.

आणि आता हे बासष्ट.

"ठोक्या, पाणी वाढलंय," झोपेतून उठून आलेल्या भावाला ती म्हणाली.

"वाढणार गं. लाटा वाढल्यात. वरून कुठूनतरी झिरपत असेल."

"वरून? चार दिवसांत डेक ओला झालेला नाही."

"मग टाकीचं असेल. प्यायच्या पाण्याची एखादी नळी ढिली झाली असेल. बघतो मी." तो जांभई देत वर गेला.

ताईने तळाची फळी उचलली, खळग्यात बोट बुडवलं आणि जिभेवर टेकवलं. खारट. कडवट म्हणावं इतकं खारट. टाकी नाही, डेक नाही. समुद्र थेट आत येत होता.



तिने आरडाओरडा केला नाही. तो तिचा स्वभावच नव्हता. तिने फक्त सगळीकडे पाहायला सुरुवात केली. शौचालयाचा पाइप, इंजिनाची थंड पाण्याची नळी, पाण्याची खोली मोजणाऱ्या वाटीएवढ्या उपकरणासाठी तळाला पाडलेलं भोक, जिथे जिथे म्हणून बोटीच्या अंगाला छिद्र होतं तिथे तिथे ती गुडघ्यावर बसून कोरडा कागद फिरवून आली. कागद कोरडाच निघाला. मागच्या भागात, डेकवरच्या बसायच्या जागेखाली एक अंधारी पोकळी होती. तिच्या तोंडाशी दोरखंड, जादा शीड, रबरी ट्यूब असला पसारा कोंबलेला.

"तिथे काही नाही," ठोक्या वरून म्हणाला. "मी पाहिलंय."

इतकं पटकन म्हणाला, की तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण तेवढंच.

दोन दिवस असेच गेले. तिचे आकडे येत होते बासष्ट, अठ्ठावन्न, एक्काहत्तर, सहासष्ट, त्र्याऐंशी. भावाच्या पाळीत येत होते साठ, साठ, पासष्ट, साठ. वही हुकाला लटकलेली असे आणि बोट डुलली की तीही डुले. येता-जाता ताईची नजर त्या दोन रांगांवर जायची आणि काहीतरी खटकायचं. काय ते कळायला तिला अकराव्या दिवसाची सकाळ उजाडावी लागली.

लॅबमध्ये एक पोरगेलासा सहकारी होता. हुशार, पण आळशी. यंत्राचं रोजचं तपासणीचं माप घ्यायचा कंटाळा आला की मनानेच आकडे लिहून मोकळा व्हायचा. त्याला ताईने पकडलं होतं ते आकडे चुकीचे होते म्हणून नाही, फार शहाण्यासारखे होते म्हणून. खरा आकडा कधी इतका नीटनेटका नसतो. तो वरखाली उड्या मारतो, कधी वेडावाकडा येतो. मनातून काढलेले आकडे मात्र शाळेतल्या मुलांसारखे रांगेत उभे राहतात.

साठ, साठ, पासष्ट, साठ.

"नाही," ती स्वतःशी म्हणाली. "ठोक्या असं करणार नाही."

तरी त्या दुपारी पाळी संपवून ती झोपायला गेली, पण झोपली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बोटीचं पातळ अंग तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं आणि त्याच्या पलीकडे पाणी खळाळत, घासत मागे पळत होतं. दुपारचा वारा वाढला होता. बोट जोरात धावत होती, मागे सुकाणूच्या दांड्यातून कण्हल्यासारखा आवाज येत होता. तिने डोळे मिटून घेतले आणि वाट पाहिली.

तासाभराने पंप सुरू झाला. खळ्ळ-खट, खळ्ळ-खट. दबकत, हळूहळू, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये अशा बेताने. तिने मोजलं. अठ्ठेचाळीस. मग शांतता. पुढच्या तासाला पुन्हा. एक्कावन्न. पाळी संपायच्या जरा आधी पुन्हा त्रेचाळीस. तिसऱ्यांदा आवाज थांबला तेव्हा तिने बेरीज केली. एकशे बेचाळीस.

ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि वहीशी गेली. आकडा नुकताच लिहिलेला होता. साठ.

तिला आधी राग आला नाही, भीती वाटली. आणि भीतीही पाण्याची नाही. चारी बाजूंना हजार-हजार मैल माणूस नाही, आणि जो एकुलता एक माणूस जवळ आहे तो खोटं लिहितोय. का लिहितोय? त्याला काय माहीत आहे? तिने शेगडीवर पाणी ठेवलं, चहा केला, दोन पेले भरले आणि वर गेली. पेला त्याच्या हातात दिला. त्याने पहिला घोट घेईपर्यंत थांबली.

"एकशे बेचाळीस," ती म्हणाली.

"काय?"

"हापसे. मी जागी होते."

ठोक्याने दोरी उगाचच सोडली आणि पुन्हा आवळली. "पंपात हवा धरते मध्येच. अर्धे हापसे फुकटच जातात."

"ठोक्या."

"खरंच सांगतो ताई..."

"माझ्या पाळीत समुद्र कधी अठ्ठावन्न देतो, कधी त्र्याऐंशी. तुझ्या पाळीत साठ, साठ, पासष्ट, साठ. तुला पाहून तो शिस्तीत वागतो का?"

 उन्हाने रापलेला त्याचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला. आठवीत नापास झाल्यावर प्रगतिपुस्तक गादीखाली लपवून दारात उभा होता, अगदी तसा.

"मागे आहे," तो शेवटी म्हणाला. "सुकाणूचा दांडा तळातून वर येतो ना, त्याच्याभोवती नळी आहे. ती नळी जिथे तळाला चिकटवलीय तिथे. जोड उकलतोय."

"कधीपासून माहीत आहे?"

"सहाव्या दिवसापासून."

ताईने पेला खाली ठेवला.  "सहाव्या दिवशी परत फिरता आलं असतं?"

त्याने मान हलवली. हो.

"आता?"

"आता नाही. वारा समोरून घेऊन अकरा दिवसांचं अंतर मागे जायचं म्हणजे त्या जोडावर दुप्पट ताण. पुढेच जावं लागेल." तो खाली मान घालून बोलत राहिला, थांबलं तर पुन्हा सुरू करता येणार नाही अशा घाईने. "तो जोड मी शेवटच्या आठवड्यात केला. हवा ओली होती. लेप नीट वाळला नाही, बोट लावलं तर चिकट लागत होता. मला माहीत होतं. खरवडून पुन्हा करायला हवा होता. पण पाच दिवस गेले असते, तारीख ठरली होती, तू पेन्शनचे, घराचे, सगळे सोपस्कार करून आली होतीस. तू विचारलंस, सगळं झालं ना? मी हो म्हणालो. मग हे पाणी दिसलं. म्हटलं, तुला सांगून काय होणार? दोघांची झोप जाण्यापेक्षा एकाची गेलेली बरी."

"माझी झोप तू वाचवलीस?" ताईचा आवाज चढला तो वाऱ्यावरही ऐकू गेला. "तीन दिवस मी या बोटीचं भोक न् भोक पुसत हिंडतेय, गुडघे फुटले माझे! पिशवी तीनदा भरून ठेवली!"

पिशवी म्हणजे बोट सोडून रबरी तराफ्यावर जायची वेळ आली तर उचलायची ती. त्यात तिने चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि भावाचा स्वेटर घातला होता.  ती खाली निघून गेली.

तासाभराने ती वर आली ती वही घेऊन. "आता बस आणि खरे आकडे सांग. आठवतील तेवढे. वारा किती होता तेही."

त्याने सांगितले, तिने लिहिले. लिहून झाल्यावर त्या पानाचा अर्थ उघड होता. वारा वाढला, बोट पळायला लागली, सुकाणूवर जोर आला, की पाणी वाढतं. बोट सावकाश गेली की निम्मं होतं. आणि दुसरी गोष्टही उघड होती: कसंही चालवलं तरी रोज थोडं थोडं वाढतच होतं.

त्यांनी लगेच मोठं शीड उतरवलं, पुढचं छोटं तेवढं ठेवलं. बोट शंभरावरून ऐंशी-पंच्याऐंशी मैलांवर आली. नकाशावरची टिंबं आता कामाची राहिली नाहीत.

"जोड दुरुस्त करता येतो का?" ताईने विचारलं.

"भेगा बुजवायची, पाण्यातही घट्ट होते अशी पुटी आहे माझ्याकडे. पण माझे खांदे त्या पोकळीत जात नाहीत. फोन काठीला बांधून आत घालून फोटो काढला, तेवढंच."

ताईने स्वतःच्या खांद्यांकडे पाहिलं. ती पहिल्यापासून काडीसारखी. भावजय तिला कौतुकाने म्हणायची, तुम्ही तर दाराच्या फटीतून आत याल.

बाराव्या दिवशी उजाडल्यावर त्यांनी पुढचं शीड उलट बाजूला बांधून बोट जागच्या जागी थोपवली. थोपवलेली बोट धावत नाही, पण डुलते मात्र भयंकर. पसारा बाहेर काढला. पोकळीचं तोंड उघडं पडलं: रुंदी खांद्याइतकी, उंची त्याहून कमी, आत गडद काळोख आणि डिझेलचा, सडक्या दोराचा वास. ताईने कपाळावर टॉर्च बांधला, पोटावर झोपली आणि कोपरांवर सरपटत आत शिरली.

आत शिरल्यावर पहिलं जे झालं ते म्हणजे तिचा श्वास अडकला. वरची फळी पाठीला टेकलेली, बाजूच्या भिंती दंडांना टेकलेल्या, आणि खाली बोटीची पातळ साल. प्रत्येक लाटेला ती साल तिच्या पोटाखाली किंचित फुगल्यासारखी वाटे. मागे फिरायला जागा नव्हती. "मला बाहेर काढ," ती म्हणाली, पण आवाजच फुटला नाही.

"ताई, मी इथेच आहे." ठोक्याचा आवाज आला. त्याचा नेहमीचा हडेलहप्पी आवाज नव्हे, दुसराच, सावकाश, रुळलेला. "तुझा डावा पाय माझ्या हातात आहे. जाणवतोय? घाई नाही. आत्ता काही करायचं नाहीये. फक्त मला सांग, समोर काय दिसतंय?"

दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांशी तो तीस वर्षं असंच बोलत आला असणार, हे तिला त्या क्षणी उमगलं. इतक्या वर्षांत भावाचं काम तिने पहिल्यांदाच ऐकलं.

"फळी," ती म्हणाली. "एक वायर. पुढे पांढरी नळी."

"उत्तम. नळीच्या बुडाशी बघ."

तिने पाहिलं. नळीच्या बुडाशी वीतभर लांबीची भेग होती. बोट एका बाजूला कलली की ती मिटायची. दुसऱ्या बाजूला कलली की ओठांसारखी उघडायची आणि तिच्यातून पाण्याचा पातळ पडदा आत सरकायचा. इतके दिवस जो वहीतला आकडा होता तो आता डोळ्यांसमोर श्वास घेत होता.

पहिला प्रयत्न फसला. ठोक्याने बाहेर मळून दिलेली पुटी तिने भेगेत दाबून भरली, पाच मिनिटं तळहाताने धरून ठेवली. एक मोठी लाट आली, नळी हलली आणि पुटी लादीसारखी सुटून पाण्यात पडली. ताईला तिथेच ओकारी झाली. ती सरपटत बाहेर आली आणि भिंतीला टेकून बसली.

"नळी हलतेय तोवर काही चिकटणार नाही," ती अखेर म्हणाली. "आधी ती हलायची थांबायला हवी. दोन्ही बाजूंनी पाचर मारली तर?"

ठोक्याने तिच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकाच्या कट्ट्याकडे. पाच मिनिटांत त्याने भाजी चिरायच्या जाड फळीचे करवतीने चार तुकडे केले, एका बाजूला निमुळते. त्याच्या हाताला तेवढंच हवं होतं. ताई पुन्हा आत गेली. नळी आणि बोटीच्या दोन्हीकडच्या फासळ्या यांच्यामध्ये तिने एकेक पाचर बसवली आणि छोट्या हातोडीने ठोकली. हातोडी उगारायला जागा नाही म्हणून चिमटीतल्या चिमटीत, टक् टक् टक्.

"आणखी," बाहेरून आवाज आला. "अजून पोकळ वाजतेय. आणखी. हां, आता भरीव वाजली."

भेग थांबली नाही, पण तिचं उघडणं केसाएवढं उरलं. मग पुटी, पुटीवर कापडाच्या पट्ट्या, पट्ट्यांवर सायकलच्या ट्यूबचे ताणून गुंडाळलेले वेढे, आणि पुन्हा पुटी. ते धरून ती आत किती वेळ पडून होती तिला कळलं नाही. बाहेर आली तेव्हा कोपरं सोललेली, केसांत पुटी, आणि यंत्रावर भावजयीचा संदेश येऊन पडलेला: "बारा वाजून गेले. आज काही कळवलं नाही. ताई, सगळं ठीक ना?"

ताईने यंत्र उचललं. बोटं इतकी बधिर झाली होती की अक्षरं उमटेनात. "सगळं ठीक," तिने लिहिलं. आणि पाठवायच्या बटणावर अंगठा थांबला.

तिने भावाकडे पाहिलं. तो तिच्याचकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट आशा होती की ती हेच पाठवेल. तिला तर दुसरं काही सुचतच नव्हतं. हजारो मैलांवर बसलेल्या बाईला सांगून काय होणार? तिची झोप मात्र जाणार.

तेवढं मनात आलं आणि ताईला स्वतःचीच लाज वाटली. तिने ते पुसलं.

"बोटीत पाणी येतंय," तिने लिहिलं. "सुकाणूच्या नळीजवळ भेग आहे. आज मी आत जाऊन बांधली. टिकेल की नाही माहीत नाही. हळू जातोय. तीन-चार दिवस उशीर होईल. आम्ही दोघं धडधाकट आहोत."

"ताई, तिच्या काळजाचं पाणी होईल गं," ठोक्या पुटपुटला.

"होऊ दे. ती काही काचेची नाही."

उत्तर यायला तीन तास लागले. ते तीन तास दोघांनाही भेगेपेक्षा जड गेले. मग यंत्र किणकिणलं. भावजयीने रडारड केली नव्हती, शिव्याही दिल्या नव्हत्या. तिने किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राला फोन केला होता, त्यांना बोट कुठे आहे ते सांगितलं होतं. दोन दिवसांच्या अंतरावर एक मालवाहू जहाज होतं, त्याला कळवलं होतं. "दर सहा तासांनी कुठे आहात ते आणि पाण्याचा आकडा कळवा," तिने लिहिलं होतं. "खरा आकडा. आणि त्याला सांगा, घरी आल्यावर बोलते."

त्या संध्याकाळी आकडा आला एकोणचाळीस. पुढच्या पाळीत बेचाळीस. पंप हापसून झाल्यावर दोघं एकमेकांकडे बघत राहिले, पण हसायची हिंमत कुणी केली नाही.

पुढचे दिवस वाईटच होते, फक्त निराळ्या तऱ्हेने. आता काय चाललंय ते माहीत होतं, त्यामुळे कान सतत मागे लागलेले. दांडा कण्हला की घास तोंडातच थांबे. ताई दिवसातून दोनदा आत सरपटत जाऊन पाचरा चाचपून येई. बहीण-भाऊ कामापुरतं बोलत. तो तिला जास्त झोप मिळावी म्हणून पाळी लांबवू पाहायचा आणि ती ठरल्या वेळेला उठून त्याच्यासमोर उभी राहायची. पंप हापसताना तो आता मोठ्याने मोजायचा, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत, शाळेत पाढे म्हणावेत तसा. पहिल्या दिवशी तिला ते केविलवाणं वाटलं. चौथ्या दिवशी तिने म्हटलं, "पुरे. मी मोजायला सांगितलंय, आरती म्हणायला नाही." त्याला हसू आलं, आणि ते बघून तिलाही, पण तिने तोंड फिरवलं.

भावजयीचे संदेश मात्र घड्याळासारखे येत. "आकडा?" एवढाच एक शब्द. ठोक्या म्हणायचा, लिफ्टमध्ये मंत्री अडकला होता तेव्हासुद्धा मला इतक्या वेळा कुणी विचारलं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी काळ्या ढगाची एक भिंत मागून आली. छोटं शीडही उतरवेपर्यंत वाऱ्याने बोट धरली आणि लाटेच्या पाठीवरून खाली फेकली. मागून कड् असा आवाज झाला. ढग वीस मिनिटांत निघून गेला. नंतर हापसले तर एकशे साठ झाले तरी पाणी संपेना. दोनशे. दोनशे दहाला घरघर आली. ठोक्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो पिशवीकडे गेला, तराफ्याच्या दोरीची गाठ तपासायला लागला.

"आधी बघू तर दे," ताई म्हणाली, आणि टॉर्च बांधायला न थांबता तो हातात धरूनच आत शिरली. या वेळी तिचा पाय धरायला कोणी नव्हतं. विजेचा पंप सुरू करून ठोक्या वर सुकाणू हाताने धरून उभा होता, बोटीला लाटांच्या कलाने ठेवत. डावीकडची पाचर सुटून पाण्यात तरंगत होती. वेढे टिकून होते. तिने पाचर परत बसवली, तिच्यासोबत लाकडी चमच्याचा दांडा ठोकला, वर उरलेली सगळी पुटी थापली. मग तिथेच पडून राहिली, गाल थंड नळीला लावून, पाण्याचा आवाज ऐकत. भेगेतून आता थेंब येत होते, पडदा नाही. तिला अचानक कळलं की मघापासून तिला गुदमरल्यासारखं झालंच नव्हतं. तेवढा वेळच मिळाला नव्हता.

त्यानंतर आकडा पंचावन्नच्या आसपास राहिला, कधी साठ, एकदा सत्याहत्तर. बचाव केंद्राने कळवलेलं दुसरं एक मालवाहू जहाज बाविसाव्या दिवशी क्षितिजावर दिसलं, रेडिओवर चौकशी करून गेलं. "सोबत हवी का?" पलीकडच्या माणसाने विचारलं. ठोक्याने बोलायचं यंत्र ताईच्या हातात दिलं. तिने पाहिलं, वारा धिमा होता, आभाळ मोकळं होतं. ती नको म्हणाली, आणि जहाज दिसेनासं होईपर्यंत आपण चूक तर केली नाही ना, या विचाराने नखं कुरतडत राहिली.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी जमीन दिसली. आधी ढगच वाटला, मग तो जागचा हलेना. दुपारपर्यंत ते बंदरात शिरले. धक्क्यावरच्या माणसाने दोरी झेलली तेव्हा ठोक्याने विजेचा पंप सुरू केला आणि तो तसाच चालू ठेवला. संध्याकाळी यारीने बोट पट्ट्यांत घालून वर उचलली. तिच्या बुडातून बारीक धार गळत राहिली. दुरुस्तीच्या अंगणातल्या मिस्त्रीने खाली वाकून, मग आत डोकावून पाहिलं, भाजीच्या फळीची पाचर बोटाने वाजवली आणि विचारलं, "कुठून आलात?" ठोक्याने सांगितलं. मिस्त्रीने शीळ घातली नाही, मान हलवली नाही, काही नाही. तो फक्त, बोट आत्ताच फुटेल अशा भीतीने, दोन पावलं मागे सरकला, आणि ते पाहून ताईला सत्तावीस दिवसांत पहिल्यांदा रडू कोसळलं.

"ताई," ठोक्या तिच्याजवळ आला, हात कुठे ठेवावेत हे न कळून. "माझं चुकलं."

"हो. चुकलं." तिने नाक पुसलं. "घरी फोन लाव. तुझा तू सांग तिला. सहाव्या दिवसापासून सगळं."

"तू बोल ना आधी थोडं. मग मी..."

"नाही."

त्याने फोन लावला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, एक हात यारीच्या खांबावर टेकलेला. पलीकडून उचलल्याचं त्याच्या खांद्यांवरून कळलं. "हां, मी," तो म्हणाला. "पोचलो. नाही, ऐक, आधी मला बोलू दे."

ताई तिथे थांबली नाही. अंगणाच्या कडेला एक टपरीवजा उपाहारगृह होतं, तिकडे ती चालत निघाली. पायांखालची जमीन डावीकडे कलत होती, मग उजवीकडे, आणि येणारे-जाणारे लोक तिच्याकडे चमकून बघत होते. आत जाऊन तिने चहा सांगितला. तो येईपर्यंत ती टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.